गळ्याची सूज आणि मिठाचं पोतं

गळा सुजला की 'आयोडीन कमी पडलं' म्हणून मोकळं व्हायची आमच्याकडे रीत आहे. कधी ते खरंही निघतं. पण ठरवायचं कसं, हे कुणी नीट सांगत नाही. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीच्या निमित्ताने मला ते कळलं, म्हणून लिहितेय.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या पलीकडे कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यातले. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम आली, तेव्हा डॉक्टरबाईंनी लेकीला पाण्याचा घोट घ्यायला लावला. गिळताना गळ्यातला फुगवटा वर सरकला, म्हणजे सूज थायरॉइड ग्रंथीची. मान सरळ ठेवली तरी दिसत होती. त्यांनी बेळगावच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. सासूबाई म्हणाल्या, वयात येताना होतंच असं. त्यातही थोडं तथ्य आहे, त्या वयात ग्रंथीवर ताण वाढतोच.

बेळगावात मालक उद्यमबागेत कामाला असल्याने राहायची अडचण नव्हती. अडचण होती ती कन्नडमधल्या फॉर्मची. तो शेजारच्या बाकावरच्या एका मावशींनी भरून दिला. आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स आधीच काढून न्या. दवाखान्याबाहेरच्या दुकानात निम्मी सकाळ जाते.

डॉक्टर धारवाडकडचे, अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलणारे. त्यांनी टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) आणि टी-4 (थायरॉइड स्वतः बनवते ते हार्मोन) या रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, गळ्याची सोनोग्राफी लिहिली आणि अँटी-टीपीओ नावाची आणखी एक रक्ताची तपासणी. ही तिसरी कशाला, म्हणून मी विचारलंच. ते म्हणाले, आता बहुतेक घरांत आयोडीनचं मीठ गेलंय, त्यामुळे या वयातल्या मुलींत बऱ्याचदा वेगळंच कारण सापडतं: शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उठतं. त्यात आयोडीन वाढवून काही साधत नाही, उलट जास्त झालं तर त्रास वाढू शकतो. रक्तात थायरॉइडवर उठणारी प्रतिद्रव्यं आहेत का, हे अँटी-टीपीओतून कळतं. गावात एकीने 'आयोडीनचे थेंब पाज' असं सुचवलं होतं, ते बरं झालं ऐकलं नाही.

मी कुठेतरी वाचलं होतं म्हणून लघवीतलं आयोडीन तपासायचं का, असंही विचारलं. एकट्या माणसाच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही म्हणाले, ते रोज वरखाली होतं. अख्ख्या गावाचा किंवा तालुक्याचा अंदाज घ्यायचा तर ती तपासणी.

रिपोर्ट आले. टीएसएच थोडंसं वाढलेलं, टी-4 ठीक, प्रतिद्रव्यं नाहीत. सोनोग्राफीत ग्रंथी सगळीकडून सारखी मोठी, आत गाठ नाही, म्हणून सुई घालून तपासायची गरज नाही. आयोडीन कमी पडलं की हार्मोन तयार व्हायला कमी पडतं, मग मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉइडला बैल हाकावा तशी हाकत राहते, आणि राबून राबून ती फुगते. आता डॉक्टरांचा पहिला प्रश्न आला: "उप्पु यावदु? मीठ कुठलं?"

खडे मीठ. गोव्याकडून चोर्ला घाटाने येणाऱ्या टेम्पोतून सासरे वर्षाचं पोतं घेतात. लोणच्याला, सुक्या मासळीला आणि रोजच्या आमटीलाही तेच. आशाताईंनी घरी येऊन मीठ तपासायच्या किटमधला थेंब त्यावर टाकला, रंग बदलला नाही, म्हणजे आयोडीन नाही. शेजारणीच्या पुडीतल्या मिठावर टाकला, तर जांभळा. माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशात 2006 पासून बंदी आहे, आणि आपल्या हातात पडेपर्यंत किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन उरलं पाहिजे असा नियम आहे. गुरांचं म्हणून आलेलं पोतं कुणाच्या डब्यात जातं, ते मात्र कोण बघणार?

सासरे ऐकेनात. पिढ्यान्‌पिढ्या हेच खाल्लं, म्हणे. त्यावर मी वाद घातला नाही, देवघराशेजारचा जुना फोटो दाखवला. त्यांच्या थोरल्या आत्तीचा गळा त्यात पदराखालूनही दिसतो. आमच्या डोंगरात एवढा पाऊस कोसळतो की मातीतलं आयोडीन वाहून जातं. मग तिथल्या भातात, भाजीत, दुधात ते येणार कुठून?

खरी घाई पुढे झाली. डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का. माझी धाकटी जाऊ चौथ्या महिन्यात होती आणि तिच्या ताटातही तेच मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणात 250 लागतं. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं, आणि तेव्हा तुटवडा पडला तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. लेकीसाठी घाबरले नव्हते तेवढी तेव्हा घाबरले. जावेच्या रक्ताच्या तपासणीत टीएसएचही करून घेतलं. ते ठीक निघालं.

त्याच आठवड्यात पोतं नारळाच्या बुंध्यात गेलं. आता पुडीचं मीठ येतं. ते चुलीजवळच्या फळीवरून उतरवावं लागलं, कारण पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून आमच्याकडे ते उबेला ठेवतात. उष्णतेने आयोडीन उडतं आणि सुटलेल्या पाण्याबरोबरही जातं. झाकणाची बरणी, कोरडा चमचा, आणि मीठ आमटी उतरवताना. बेळगावच्या नणंदेला सैंधवाचं वेड लागलंय, तिलाही सांगितलं की त्यात आयोडीन घातलेलं नसतं. कोबी बंद करा असा सल्ला बऱ्याच जणींनी दिला. डॉक्टर हसले. शिजवलेला कोबी खुशाल खा म्हणाले.

गोळी दिली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा टीएसएच हद्दीत आलं होतं. गळा कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. त्याला वर्षही लागू शकतं आणि जुनी सूज कधी राहूनही जाते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. यंदाचं कैरीचं लोणचं पुडीच्या मिठात घातलं. सासूबाई रोज बरणी उघडून बघतात, अजून तरी तक्रार नाही.