टर्म इन्शुरन्सची मेडिकल आणि ते पाठ नसलेलं स्टूल

विम्याच्या मेडिकलला, म्हणजे कंपनी करून घेते त्या तपासणीला, जाणार असाल तर एक गोष्ट आधी सांगतो, बाकीचं मग. बीपी घेण्याआधी लघवीला जाऊन या. सॅम्पल द्यायचंय म्हणून सकाळपासून जाऊ नका, असं सेंटरवाले फोनवर सांगतात आणि आपण बिचारे धरून बसतो. तुंबलेल्या लघवीनं बीपी वर जातं. तेव्हा आधी सॅम्पल द्यायचं, मग दंड पुढे करायचा. हा क्रम खरं तर त्यांनी लावायला हवा. ते लावत नाहीत.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय ४३, राहायला जेलरोड. टर्म प्लॅन घ्यायचं बरीच वर्षं टळत होतं, शेवटी मुलीची दहावी झाली आणि बायकोनं विषय लावून धरला. प्रपोजल, केवायसी, पगाराचे कागद हे सगळं मोबाईलवर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडखळलो ते एकाच प्रश्नाशी, तोही मी नाही, आमचे एजंट भाऊसाहेब. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकार झालाय का? मी ‘हो’ भरलं. वडिलांना ५१ व्या वर्षी अटॅक आला होता.

“सर, हे टाकायलाच पाहिजे का?” भाऊसाहेब म्हणाले. “दादा तर ठणठणीत आहेत आता. रोज फिरायला दिसतात मला.”

टाकायलाच पाहिजे. विमा कायद्याचं कलम ४५ असं आहे की पॉलिसीला ३ वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कुठल्याही कारणानं वादात ओढता येत नाही. पण त्या ३ वर्षांत आपलं काही बरंवाईट झालं आणि लपवलेलं निघालं, तर कागद घेऊन फिरायची पाळी बायकोवर येते. शिवाय तो प्रश्न उगाच विचारत नाहीत, हे मला ठाऊक होतं. वडिलांच्या अटॅकनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत आलोय.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. सलीम युसूफ यांनी ५२ देशांत मिळून ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास केला, तो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पहिला अटॅक आलेले सुमारे १५,००० लोक आणि त्यांच्या तुलनेला तितकेच न आलेले. त्यातल्या दक्षिण आशियाचे, म्हणजे आपण, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळचे आकडे २००७ साली वेगळे काढले. पहिल्या अटॅकचं सरासरी वय आपल्याकडे ५३ निघालं आणि बाकीच्या देशांत ५८.८. जवळजवळ ६ वर्षं आधी. मला यातलं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं होतं. आपल्या लोकांची कारणं काही निराळी नव्हती. तंबाखू, बीपी, साखर, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं गणित, पोटाचा घेर, ताण, न चालणं, भाज्या-फळं कमी, हीच जगभरची यादी. फक्त ती आपल्याला कमी वयात गाठते. त्यामुळे ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांतसुद्धा दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा मुद्दा म्हणून धरलाय.

तेव्हा विमा कंपनीनं माझ्याकडे जरा डोळे बारीक करून बघावं याबद्दल तक्रार नव्हती. बघताना नीट बघावं एवढीच अपेक्षा होती.

सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला दोरी बांधलेली. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून सकाळचा चहा नाही. जिना चढून गेल्या गेल्या एका मुलीनं नाव विचारलं आणि आत बोलावलं. आत एक स्टूल. पाठ नसलेलं, उंच, पाय अधांतरी. टेबल लांब, त्यामुळे दंड खाली लोंबकळत. तिनं पट्टा गुंडाळला, तो जेमतेम चिकटला, मशीन फुगायला लागलं आणि त्याच वेळी तिनं फॉर्मवरचे प्रश्न सुरू केले. सिगारेट? तंबाखू? ऑपरेशन काही? मी आपला उत्तरं देतोय. १५८/९८.

फॉर्मवर बीपीला तीन रकाने होते. पहिल्यात तिनं १५८/९८ लिहिलं. मी दंड तसाच पुढे धरून बसलो होतो, दुसऱ्यांदा घेईल म्हणून. तिनं पट्टा सोडला आणि उरलेले दोन रकाने बसल्या जागी भरले. १५६/९८. १५६/९६.

मी म्हटलं, “मॅडम, हे दोन कधी घेतले?”

“तेवढाच येतो सर फरक.”

माझा धंदा मापाचा आहे. आमच्याकडे व्हर्निअर टेबलावरून पडला तर कॅलिब्रेशन होऊन आल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही, आणि एकदा मोजून तीन नोंदी करणारा माणूस दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर असतो. मी तिला सांगितलं की पाच मिनिटं बसतो, पुन्हा घ्या. बाहेर रांग होती. फॉर्म सिस्टीमला चढवला, आता बदलता येत नाही, म्हणाली. तिच्यावर फार राग धरण्यात अर्थ नाही, सकाळपासून एकटीच रक्त काढत होती. राग आहे तो खुर्ची न ठेवणाऱ्यावर.

बीपी मोजायची रीत काही गुपित नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला टेबलावर, बोलायचं नाही. आधी अर्धा तास चहा, सिगारेट, जिना नको. मग एकेका मिनिटाच्या अंतरानं दोन-तीन वेळा. दंड खाली लोंबत ठेवला तर वरचा आकडा सरासरी साडेसहानं जास्त दिसतो, असं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२४ मध्ये मोजून दाखवलंय. त्यांचाच २०२३ चा अभ्यास पट्ट्यावर होता. ज्याला मोठा पट्टा लागतो त्याला नेहमीचा बांधला तर सुमारे ५ नं जास्त, आणि त्याहून मोठा लागत असेल तर जवळजवळ २० नं. वजनकाट्यावर अंगठा ठेवून भाजी विकावी तसला प्रकार. माझ्या दंडाचा घेर मी घरी येऊन शिवणकामाच्या टेपनं मोजला, ३४ सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा साधारण ३२ पर्यंतच चालतो.

कंपनीकडून मेल आली. प्रपोजल ‘पोस्टपोन’, ६ महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. कारण फक्त एका ओळीत, मेडिकल निष्कर्ष. फोन लावला की आधी गाणं, मग “सर, आपकी रिक्वेस्ट नोट कर ली है.” ज्या माणसानं निर्णय घेतला तो अंडररायटर, आणि अंडररायटरशी बोलता येत नाही. त्याच्याशी एजंटलाही बोलता येत नाही. शाखेत गेलो तर मॅनेजर स्वभावानं चांगला, पण त्याच्या स्क्रीनवरही तेवढीच एक ओळ. भाऊसाहेब म्हणायला लागले, “सर, दुसऱ्या कंपनीत टाकू.” पण पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर प्रश्न असतोच की, तुमचं प्रपोजल कधी नाकारलं किंवा पुढे ढकललं गेलंय का? तिथं पुन्हा ‘हो’. म्हणजे ते स्टूल मला जन्मभर चिकटणार. त्या काळात मी घरी कुणाशी धड बोललो नाही. त्यानंही बीपी वाढलं असणार.

अर्जविनंत्यांचा उपयोग झाला नाही, कागदाचा झाला. मी हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलो आणि चोवीस तासांचं बीपी मशीन लावून घेतलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा (मोठा, मी विचारून घेतला), दिवसा साधारण अर्ध्या अर्ध्या तासानं आणि रात्री त्याहून कमी वेळा ते आपोआप फुगतं. फुगताना हात हलवायचा नाही. हे मोटारसायकलवर कसं जमणार? द्वारका चौकातल्या गर्दीत ब्रेक धरलेला असताना ते फुगायला लागलं आणि मी पुतळ्यासारखा, मागचा हॉर्न वाजवतोय. मशीन लावाल त्या दिवशी रिक्षानं जा. आंघोळ करून मगच लावून घ्या, नंतर भिजवता येत नाही. रात्री आवाजानं बायको उठली, मी नाही.

आकडे वाचायची रीत लक्षात ठेवा, कारण शाखेतल्या लोकांना ती माहीत नसते. दवाखान्यात १४०/९० च्या पुढे गेलं तर जास्त. घरच्या मशीनवर मर्यादा १३५/८५. चोवीस तासांच्या सरासरीला १३०/८०. माझी सरासरी आली १२७/७९. पास, पण काठावर. डॉक्टरांनी ते तसंच सांगितलं, उगाच पाठ थोपटली नाही. म्हणाले, “आत्ता गोळी नको. मीठ कमी करा, पोट कमी करा, घरी मोजत राहा. वडिलांचा इतिहास विसरू नका.” जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. आपल्याकडे मिसळीबरोबर पापड येतो, त्यामुळे कुठून सुरुवात करायची ते मला लगेच कळलं.

पोटावरून आठवलं. फॉर्मवर उंची-वजनातून काढलेला बीएमआय माझा २४, कंपनीच्या लेखी उत्तम. पण आपल्या लोकांना तो रकाना फसवतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, शर्ट घातलेले दोघे सारखेच. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची वजनदार म्हणायची रेषा २३ वर धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. माझा घेर सेंटरवर त्यांनी विचारून लिहिला. टेप बाजूलाच होती. तिथं मी खरा आकडा सांगितला, ९४.

मेल कशी लिहिली ते सांगतो, कारण अशीच लिहिली तर चालते. राग काढायचा नाही. प्रपोजल नंबर. तज्ज्ञाचं पत्र, लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह. चोवीस तासांच्या रिपोर्टची सगळी पानं, फक्त पहिलं नाही. आणि एक स्पष्ट मागणी, दुसऱ्या सेंटरवर पुन्हा मेडिकल. ‘विचार व्हावा’ असलं काही लिहू नका, त्यावर ‘विचार केला’ एवढंच उत्तर येतं. ती तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवायची, तो प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तिथं हललं नाही तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण जाणार आहे असं मेलमध्ये लिहिलं होतं, आणि उत्तर त्यानंतरच आलं.

दुसरं सेंटर गंगापूर रोडला. खुर्चीला पाठ होती. मला हसूच आलं. पाच मिनिटं बसवलं, मोठा पट्टा मागितल्यावर कपाटातून काढून दिला, तीनदा वेगवेगळं घेतलं. १३४/८४, १३०/८२, १२८/८२. बघा, पहिलं कसं सगळ्यांत वर असतं.

हो, सर्दीचं राहिलंच. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि काही दुखण्यावरच्या गोळ्या बीपी चढवतात. आधीच्या दिवसांत घेत असाल तर डॉक्टरांना विचारा आणि मेडिकलची तारीख पुढे घ्या. पण बीपीची गोळी चालू असेल तर ती मेडिकलसाठी बंद करायचा किंवा फॉर्मवर न लिहायचा आचरटपणा करू नका.

पॉलिसी आली, थोडं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावून. कारण दिलंय, कौटुंबिक इतिहास. भाऊसाहेब म्हणाले की अजून भांडू, मी नको म्हटलं. वडिलांच्या अटॅकचे जादा पैसे मी भरीन. त्या स्टुलाचे भरले नसते. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात सोबतची प्रपोजलची प्रत ओळ न् ओळ वाचा. माझ्यात व्यवसायाचा रकाना चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला.

पहिल्या सेंटरबद्दल वेगळी मेल टाकली होती, एकदा पट्टा फुगवून तीन नोंदी केल्याची. ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असं उत्तर आलं. आमच्या स्टोअरमधल्या एकाची मेडिकल आता त्याच सेंटरला लागली आहे, आणि त्याचा दंड माझ्यापेक्षा जाड. त्याला सेंटर बदलून मागायला सांगितलंय. अपॉइंटमेंट पक्की करायला फोन येतो तेव्हाच मागायचं, नंतर ऐकत नाहीत.