राजदूत ३५०: दोन कार्बोरेटर आणि एक पातळ वॉशर

माझी राजदूत ३५० ही मोटरसायकल १९८६ सालची आहे. यामाहाच्या आरडी ३५० वर बेतलेल्या या ३४७ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीत प्रत्येक सिलिंडरला हवा आणि पेट्रोल मिसळणारा स्वतंत्र कार्बोरेटर असतो, आणि म्हणूनच दोन्ही कार्बोरेटर खोलून, धुऊन, नवे किट (वॉशर, नीडल व्हॉल्व्ह असे सुटे भाग) घालून बसवले तरी काम संपत नाही. दोघांनी एकसारखे वागावे लागते. या पावसाळ्यात मी हे काम घरीच केले. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, पण डाव्या सायलेन्सरमधला ठोका मंद होता आणि दहा मिनिटांनी काढलेला डावा प्लग काळा व ओला निघाला.

ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण ठिणगी कमजोर असली तरी प्लग तसाच दिसतो. म्हणून मी आधी दोन्ही प्लगांची अदलाबदल केली आणि ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची गॅप व टायमिंग पुन्हा तपासले. दोष डावीकडेच राहिला. मग हवेचा स्क्रू फिरवून पाहिला. या कार्बोरेटरमध्ये तो स्क्रू हवा मोजतो, त्यामुळे बाहेर काढला की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. डावीकडे तीन फेऱ्या बाहेर काढूनही इंजिन आणखी हवा मागतच होते, आणि हे लक्षण माझ्या मते निर्णायक आहे: स्क्रू इतका बाहेर जावा लागतो तेव्हा दोष स्क्रूपाशी नसतो.

तो फ्लोटपाशी, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागापाशी, निघाला. किटमध्ये, वाटीत येणारे पेट्रोल थांबवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या सीटखाली बसणारी वॉशर जुन्या वॉशरपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने पातळ होती. सीट तेवढी आत गेली, त्यामुळे नीडल बंद होण्यासाठी फ्लोटला अधिक वर यावे लागले; फ्लोटची पट्टी तरफेसारखी काम करत असल्याने अर्ध्या मिलिमीटरचा फरक फ्लोटच्या टोकाशी कितीतरी मोठा होतो आणि वाटीतल्या पेट्रोलची पातळी चढते. जुनी वॉशर सपाट करून परत बसवली आणि कार्बोरेटर उलटा धरून, गॅस्केटच्या पृष्ठभागापासून दोन्ही फ्लोटांची उंची व्हर्नियरने मोजली. ती मॅन्युअलप्रमाणे तर हवीच, पण दोन्हीकडे समान असणे त्याहून महत्त्वाचे. किट नवे आहे म्हणून जुने भाग लगेच फेकून देऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या भोकात तार घालणेही टाळावे. पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की जेटवरचा आकडा खोटा ठरतो.

यानंतर ठोका सुधारला, तरी थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येईनात. हे मिश्रण पातळ असल्याचे लक्षण असून टू-स्ट्रोकमध्ये त्याकडे दुर्लक्ष केले तर पिस्टन जाम होतो. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरांवर साबणाचे पाणी सोडले, तेव्हा उजवीकडे आरपीएम क्षणभर उतरले, म्हणजे तिथून जादा हवा शिरत होती. रबराला खालून बारीक चीर होती. नवे रबर बसवल्यावर हा प्रश्न मिटला. रबर ठीक असते तर पुढचा संशय बाहेरची हवा अडवणाऱ्या क्रँकच्या डाव्या सीलवर घ्यावा लागला असता.

केबल शेवटी जुळवल्या. कार्बोरेटरमधल्या, थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटचे दांडे ठेवून थ्रॉटल हळूहळू फिरवला आणि दोन्ही दांडे एकाच क्षणी सुटेपर्यंत अॅडजस्टर फिरवले. केबल बदलली की ऑइल पंपाची खूणही पुन्हा जुळवावी, कारण तेलाचा पंप त्याच थ्रॉटलला बांधलेला असतो आणि तो मागे राहिला तर तेल कमी पडते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्याला तेवढ्याच हवेसाठी थोडे अधिक इंधन लागते. त्यामुळे दोन्ही स्लाइडमधल्या नीडलांची (या फ्लोटच्या नीडलहून वेगळ्या) क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर आली आणि पेट्रोल वाढले. कात्रजच्या जुन्या घाटात अर्ध्या थ्रॉटलवर चढून, क्लच दाबून इंजिन बंद केले आणि प्लग काढले, तेव्हा दोन्ही एकाच फिक्या तपकिरी रंगाचे होते, म्हणजे मिश्रण जुळले होते. हवेचे स्क्रू सध्या उजवीकडे दीड फेरी आणि डावीकडे पावणेदोन फेऱ्या बाहेर आहेत.