डाउनलोडचं बटण न शोधता
आज घरच्या डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर आणि गिम्प हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर टाकलं. ना वेबसाइट, ना 'नेक्स्ट-नेक्स्ट'. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे नावं लिहिली; बाकी लायब्ऱ्यांची (प्रोग्रॅमना लागणाऱ्या जोड-फाइलींची) सगळी वरात ॲप्ट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रॅमनेच गोळा केली. (डेबियनमध्ये ॲप्ट १९९९ पासून आहे, मोबाइलवरच्या ॲप स्टोअरच्या कितीतरी आधी!)

मला खरं कौतुक सहीचं. रिपॉझिटरीच्या, म्हणजे पॅकेजं (बसवायला तयार सॉफ्टवेअर) ठेवलेल्या कोठाराच्या, यादीवर डिजिटल सही असते, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठसा. वाटेत कोणी फाइल बदलली, तर ॲप्ट ती घेतच नाही.

बाहेरची रिपॉझिटरी जोडा म्हणणारे खूप भेटतात. मी शक्यतो टाळतो. तिची सही तपासायची किल्ली एकदा मान्य केली, की तिथली पॅकेजं बसवताना आपल्या मशीनवर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने काहीही करू शकतात. डेबियनच्याच रिपॉझिटरीतून आवृत्ती थोडी जुनी मिळते, पण चालतंय की!