तुम्ही विचारलेत म्हणून: युंगफ्राऊवर मी एकटीच का?

आमच्या दिवाणखान्यातला, स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊ या बर्फाच्या डोंगरावरचा माझा तो फोटो पाहिला की पाहुणे हमखास विचारतात, 'युंगफ्राऊवर तुम्ही एकट्याच कशा? साहेब कुठे आहेत?' यांना विरळ हवा सोसत नाही, एवढे सांगून मी आजवर विषय संपवत आले. हे उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

यांच्या हृदयाचे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा ते उगाळत नाही. डॉक्टरांनी युरोपच्या प्रवासाला संमती देताना चढ टाळायला सांगितले होते. मात्र चढ आणि पायऱ्या टाळून इटलीतली शहरे पाहता येत नाहीत, हे इथे बसून कळत नाही. रोममध्ये खडबडीत दगडी गल्ल्या, व्हेनिसमध्ये कालव्याकालव्यावर पायऱ्यांचे पूल आणि फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाला 463 पायऱ्या. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तो घुमट दुहेरी कवचाचा बांधला आणि वर जाणारा जिना त्या दोन कवचांच्या मधून काढला. मला तो चढायचा होता. मी खाली यांच्या शेजारी बसून राहिले आणि माझी काही तक्रार नाही, असे स्वतःलाच बजावत राहिले.

त्यानंतर स्वित्झर्लंड आले. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे दातेरी रुळावरची गाडी 2,061 मीटर उंचीवरच्या क्लाइने शाइडेकला पोहोचली. वर जायला तिथे गाडी बदलावी लागते. यांनी छातीला हात लावला, घाम फुटला, असे काही झाले नाही. हे फक्त बाकावर बसले आणि 'इथून पुढे नको' म्हणाले. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, असे टूर मॅनेजरने सांगितले, खरे तर तेव्हा ते कोणीच विचारले नव्हते. एवढ्यात वरची गाडी फलाटाला लागली. 'थांबतेस का?' यांनी विचारले. गोळ्या खिशात आहेत ना ते मी पाहिले, मफलर नीट केला, 'येते हं' म्हटले आणि गाडीत चढले.

आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जाणारा तो बोगदा सात किलोमीटरहून लांब आहे. 1896 साली सुरू झालेले या रेल्वेचे काम 1912 साली पुरे झाले. बोगद्यात पाहण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतली मी समोर येऊन बसली आणि भांडू लागली. परक्या मुलखात, भाषा येत नसताना आजारी माणसाला फलाटावर सोडून कोणती बाई बर्फ पाहायला जाते? मी म्हटले, हॉटेल दहा पावलांवर आहे, गोळ्या जवळ आहेत, आणि मी डॉक्टर नाही. तिला ते पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते पुरते पटलेले नव्हते, पण गाडी वर चालली होती आणि मला ते हवे होते.

वरचे स्टेशन 3,454 मीटरवर आहे; तिथून लिफ्टने स्फिंक्स नावाच्या वेधशाळेच्या गच्चीवर गेले. दक्षिणेला अलेच हिमनदी, वीस किलोमीटरहून लांब, आल्प्समधली सर्वांत मोठी. तिचे पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळते आणि पाठीमागच्या उताराचे ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला. वारा इतका होता की कठडा धरूनच उभे राहावे लागत होते. तिथे मला यांची आठवण झाली नाही. 'हे असते तर किती बरे झाले असते' हे वाक्य बायकांच्या तोंडी शोभते, म्हणून मीही ते खाली उतरल्यावर म्हटले. वर मात्र मला निखळ आनंद झाला होता आणि तो कोणाशी वाटून घ्यावासा वाटला नव्हता. फोटो एका अनोळखी मुलीने काढून दिला.

मी परतले तेव्हा हे दुर्बिणीतून आयगरची उत्तर भिंत पाहत होते. 1938 साली चौघांनी ती पहिल्यांदा सर केली, हे यांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडून खाणाखुणांनी आणि आकडे कागदावर लिहून समजून घेतले होते, आणि ते ऐकवताना इतके रंगले की मी काय पाहिले हे विचारायचेच राहिले. मला त्याचा रागही आला आणि सुटल्यासारखेही वाटले.

आता हे सर्वांना सांगतात, 'मीच हिला वर पाठवले.' फलाटावर काय विचारले होते, ते आम्हा दोघांनाही आठवते. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. अलीकडे यांनी फ्लॉरेन्सला पुन्हा जाण्याचे काढले आहे. 'तू घुमट चढ, मी खाली बसतो', म्हणतात. मी अजून हो म्हटलेले नाही.