न्यूयॉर्क ते लंडन, आणि माझं चुकलेलं गणित

मला एक खोड आहे, तिकीट काढलं की आधी दोन एअरपोर्टमधलं अंतर बघायचं आणि भागाकार करून टाकायचा. जेएफके ते हीथ्रो साधारण ५,५४० किमी, जेट विमान ताशी ९०० च्या आसपास जातं, म्हणजे सहा तास आणि वर थोडी मिनिटं. पण तिकिटावर जाताना सात तास आणि येताना आठ. म्हटलं हे काय, रस्ता तोच ना?

पहिला घोळ जमिनीवरच कळला. तिकिटावरचा वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत रांगत जाणं, आपला नंबर लागेपर्यंत थांबणं सगळं आलं. आमची चाकं उचलली तेव्हा गेट सोडून ३५ मिनिटं झाली होती, माझे सहा तास अजून सुरूपण झाले नव्हते!

मग समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा. मी झोपायचं सोडून तोच बघत बसलो (दर वेळी हेच करतो). विमान सरळ पूर्वेला समुद्रावर जाईल असं वाटलेलं तर ते आपलं कॅनडाच्या किनाऱ्याने न्यूफाउंडलंडकडे वर वर चाललेलं, जणू पायलट वाट चुकला. खरं तर तोच जवळचा रस्ता, चेंडूवर दोन टिंबं काढून मध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे वर चढूनच जातो, सपाट नकाशा आपल्याला फसवतो. अर्थात विमान त्या दोऱ्यावरूनच जातं असं पण नाही, अटलांटिकवरचे ट्रॅक रोज वारा बघून नव्याने आखतात, त्यामुळे प्रत्यक्षात कापलेलं अंतर थोडं जास्तच भरतं.

आणि खरा हिरो वारा. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. मध्यरात्री स्क्रीनवर जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी १,०६० किमी दिसला, बाहेर उणे ५५, आणि आत कपातलं पाणी हलत पण नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ विमान हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापून गेलं होतं.

येताना तोच वारा समोर. स्क्रीनवर ७९०, कधी ७५०. मला वाटलेलं जाताना कमावलं ते येताना गेलं, हिशोब फिट्टंफाट. तसं होत नाही! १५० चा वारा धरा, जाताना १,०५० ने ५ तास १७ मिनिटं, येताना ७५० ने ७ तास २३, बेरीज १२ तास ४०. वारा नसता तर दोन्ही मिळून १२ तास १९ मिनिटंच. म्हणजे फायद्यात आपण कमी वेळ असतो आणि तोट्यात जास्त वेळ, म्हणून एकूण २१ मिनिटं खिशातून जातात. हे टिश्यूवर मांडलं तेव्हा शेजारचा माणूस जरा सरकूनच बसला.

न्यूयॉर्कला उतरून फोन चालू केला तर आईचा मेसेज. तिला तिकिटाचा फोटो पाठवला होता, त्यावर निघायची वेळ ११ आणि पोचायची २, दोन्ही तिथल्या तिथल्या घड्याळाने, मध्ये पाच तासांचा फरक.

"तीनच तासात पोचलास? जाताना मग रात्रभर काय करत होतास?"

टिश्यूचा फोटो पाठवलाय. अजून ब्लू टिक नाही.