सातव्या ग्रीनवरची सावली आणि छाटणीची परवानगी : माझा अनुभव

गोल्फच्या मैदानावरील झाडांच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटायच्या असतील, तर परवानगीचा अर्ज दिवाळी संपताच द्यावा, हे मी सर्वांत आधी लिहून टाकते. ही एवढी गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती, तर आमचे सातवे ग्रीन, म्हणजे ज्या गुळगुळीत भागावर झेंडा आणि १०८ मिलिमीटर व्यासाचे भोक असते तो भाग, एक अख्खा पावसाळा शेवाळाच्या ताब्यात गेले नसते.

पश्चिम महाराष्ट्रातील एका शहराच्या हद्दीत असलेल्या गोल्फ मैदानाची देखभाल मी पाहते. उद्यानविद्येचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे गवत, माती आणि कीड यांची मला सवय होती, कार्यालयांची नव्हती. मैदानाचे वर्ष आमच्या दृष्टीने होळीला सुरू होते. थंडीत मंदावलेले गवत मार्चमध्ये पुन्हा जोमाने वाढू लागते आणि तिथून मृगापर्यंत कामांची रीघ लागते. ग्रीनमध्ये पोकळ दात असलेल्या यंत्राने बोटभर जाडीची छिद्रे पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढायच्या, त्या जागी वाळू भरायची, मुळाशी साठलेला सुकलेल्या काड्यांचा थर उभ्या पात्यांनी विंचरून काढायचा, उन्हाळ्यात पाण्याबरोबर आलेले क्षार भरपूर पाणी सोडून खाली उतरवायचे, चर मोकळे करायचे, बंकरमधील, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यांतील, वाळू पुन्हा सारखी करायची. ही सगळी कामे कष्टाची आहेत, पण ती आपल्या हातातली आहेत. मुकादम, माळी आणि यंत्रे जागेवर असली की ती होतात, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. फक्त वाळूबद्दल एक सांगते. बांधकामाची वाळू ग्रीनवर कधीही टाकू नये. कण मुख्यतः पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यानचे असावेत आणि त्यात माती नसावी. आम्ही सिंधुदुर्गातील धुतलेली सिलिका वाळू मागवतो.

आता सावलीविषयी. ग्रीनवरचे गवत ही आपल्या हरळीचीच एक संकरित जात असते. आमच्याकडे टिफड्वार्फ आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे निघालेली ही जात बी धरत नाही, म्हणून तिच्या काड्याच लावाव्या लागतात. ती चार-पाच मिलिमीटरवर कापली तरी दाट राहते, पण या काटकपणाची तिची एक अट असते, ती म्हणजे ऊन. ढोबळमानाने दिवसाला आठ तास थेट ऊन तिला लागते, आणि त्यातही सकाळचे ऊन सर्वांत मोलाचे, कारण रात्रीचे दव त्यामुळे लवकर सुकते आणि बुरशीला वेळ मिळत नाही. आषाढ-श्रावणात ढगांमुळे ऊन आधीच तुटपुंजे असते. त्यात पूर्वेला एखादे मोठे झाड असेल, तर गवत विरळ होते, उघड्या पडलेल्या जागी हिरवट-काळे शेवाळ धरते, त्याचा पापुद्रा वाळला की पाणी खाली जिरत नाही, आणि एकदा हे चक्र सुरू झाले की खत घालून ते थांबत नाही.

सातव्या ग्रीनच्या पूर्वेला तीन जुने पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांच्या ग्रीनवर झुकलेल्या फांद्या कमी कराव्यात, झाडे मात्र तोडू नयेत, एवढीच आमची मागणी होती. महाराष्ट्रातील नागरी भागांत झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम लागू आहे आणि त्यातील झाड तोडण्याची व्याख्या इतकी व्यापक आहे की झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे तिच्यात बसते. त्यामुळे खासगी आवारातील मोठ्या फांद्यांसाठीसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हा कायदा असायलाच हवा, असे माझे मत आहे. शहरातील जी मोठी झाडे उरली आहेत, त्यांपैकी बरीच त्याच्यामुळे उरली आहेत. माझी चीड कायद्यावर नाही, तो ज्या टेबलावरून पुढे सरकतो त्या टेबलावर आहे.

अर्ज मी होळीच्या सुमारास दिला. जमिनीचा उतारा, कराची पावती, नकाशा आणि झाडांची छायाचित्रे हे सर्व जोडलेले होते. पहिली अडचण कारणाच्या रकान्यात आली. फांदी धोकादायक आहे, इमारतीला लागते, विजेच्या तारांना लागते, रहदारीला अडथळा होतो, अशी कारणे तिथे होती आणि शेवटी ‘इतर’ असे होते. मी ‘इतर’ निवडून गवतावर पडणाऱ्या सावलीविषयी चार ओळी लिहिल्या. खिडकीवरील गृहस्थांनी त्या वाचल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, लोक सावली मिळावी म्हणून झाडं लावतात. तुम्हाला ती नकोय?” त्यांचा सूर वाईट नव्हता, प्रश्नही गैर नव्हता. पण त्याचे उत्तर लिहिण्यासाठी कोणत्याच कागदावर जागा नव्हती.

दुसरा रकाना वयाचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानतात, त्यामुळे प्रत्येक झाडाचे वय मांडणे महत्त्वाचे ठरते. आमच्या झाडांची लागवड कधी झाली, याची नोंद क्लबच्या दप्तरात नव्हती. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजून मी अंदाज लिहिला, तो ग्राह्य धरला गेला नाही, मग ज्येष्ठ सभासदांकडील जुनी छायाचित्रे शोधून त्यांत ती झाडे किती मोठी दिसतात हे दाखवले, तेव्हा कुठे अर्ज पुढे गेला. छायाचित्रांच्या या कामात चैत्र संपला.

त्यानंतर पाहणीची वाट. एप्रिल आणि मे हे महिने उद्यान विभागासाठी सर्वांत धावपळीचे असतात, कारण पावसाआधी रस्त्याकडेची धोकादायक झाडे त्यांनाच पाहायची असतात. कोणाच्या घरावर फांदी पडण्याची भीती असताना गोल्फच्या गवताचा अर्ज त्या गठ्ठ्याच्या तळाशी जाणार, हे मला तर्काने पटत होते. तरीही दर आठवड्याला फोन केल्यावर “साहेब साइटवर आहेत” हे एकच वाक्य ऐकून माणसाचा तर्क टिकत नाही. मधल्या काळात आमची छिद्रे पाडून झाली, वाळू भरून झाली, वळिवाची पहिली सर येऊन गेली आणि संध्याकाळी कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे घोंगावू लागले. या भुंगेऱ्यांसाठी दिव्याचा सापळा पहिल्याच सरीनंतर लावावा, नंतर लावून उपयोग होत नाही. मादीने जमिनीत अंडी घातली की ऑगस्टमध्ये अळ्या गवताची मुळे खातात आणि गवत चटईसारखे हातात उचलून येते.

अखेर निरीक्षक आले, ते मेच्या मध्यावर, टळटळीत दुपारी. महाराष्ट्रात मे महिन्यात जागोजागी शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाशी लपते. आमच्या शहराचा तो दिवस नुकताच होऊन गेला होता. निरीक्षक ग्रीनच्या मधोमध उभे राहिले, कपाळावर हात धरून त्यांनी झाडांकडे पाहिले, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, “सावली कुठंय, मॅडम? इथं तर उभं राहवत नाही उन्हात.” संपूर्ण ग्रीन उन्हात न्हाऊन निघालेले होते. सकाळी दहा वाजेपर्यंत त्याचा अर्ध्याहून अधिक भाग झाकलेला असतो, हे मी सांगितले; आमच्या मुकादमांनीही सांगितले. निरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाहणीच्या वेळी सावली आढळली नाही, असा शेरा लिहिला. शेरा खोटा नव्हता, म्हणूनच तो खोडून काढणे अवघड होते.

इथे माझ्या रागाचा मला उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि मुकादम ग्रीनवर गेलो. सूर्य वर आल्यापासून दर तासाला सावलीच्या कडेवर आम्ही लहान झेंड्या रोवत गेलो, प्रत्येक तासासाठी वेगळा रंग, आणि एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून वेळ नोंदवणारे छायाचित्र काढत गेलो. त्या झेंड्यांवरून नकाशा काढला. ग्रीनच्या कोणत्या भागाला किती तास ऊन मिळते, हे त्यात डोळ्यांना दिसत होते. ईशान्येकडील कोपऱ्याला तर भर मे महिन्यातही जेमतेम पाच तास मिळत होते. शेजारीच आठव्या ग्रीनचा तसाच नकाशा ठेवला, जिथे झाडे लांब आहेत. त्याखाली मागील पावसाळ्यातील दोन्ही ग्रीनची छायाचित्रे लावली. अर्जात लिहिलेल्या चार ओळींनी जे झाले नव्हते, ते या दोन पानांनी झाले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ती पाने उलटसुलट पाहिली आणि सकाळी आठ वाजता फेरपाहणी करण्याचा आदेश दिला. कोणाला अशा कामासाठी अर्ज करायचा असेल, तर हा सावलीचा नकाशा पहिल्याच दिवशी जोडावा आणि पाहणी सकाळी व्हावी, अशी विनंती अर्जातच लेखी करावी. त्या विनंतीला रकाना नसतो. ती सोबतच्या पत्रात लिहावी.

फेरपाहणी सकाळी झाली. निरीक्षक तेच होते आणि त्यांनी झेंड्यांच्या ओळी स्वतः पावलांनी मोजल्या. “आता कळलं,” एवढेच ते म्हणाले. कोणत्या फांद्या काढायच्या त्यांवर त्यांनी खडूने खुणा केल्या, आणि त्या मी मागितल्या होत्या त्यांहून कमी, पण नेमक्या निवडलेल्या होत्या. फांदी खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून कापावी, हेही त्यांनी आमच्या माळ्यांना समजावून दिले. त्यांच्याविषयी माझ्या मनात जे साठले होते, त्यातले बरेचसे त्या सकाळी गेले. तरी कागदावर सही व्हायला आणखी वेळ गेला आणि परवानगीपत्र हातात आले तेव्हा मृगाचा पाऊस चांगला बसला होता.

पावसात छाटणी करणे कोणालाही सुचवणार नाही. फांद्या निसरड्या होतात, ओल्या कापावर बुरशी चटकन शिरते, आणि फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा, भिजलेला असल्यामुळे त्यावर ट्रक आणता येत नाही; चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढे वर्षभर दिसत राहतात. शिवाय याच दिवसांत गायबगळे मोठ्या झाडांवर घरटी करतात, आणि घरटे असलेल्या फांदीला हात लावायचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तिथे संबंध येतो आणि कायदा नसता तरी ते करू नये. आमच्या तीनपैकी एका झाडावर बगळे आलेच होते, म्हणून ते झाड तसेच ठेवले. उरलेल्या दोन झाडांवर दोर बांधून चढणारी माणसे पाऊस उघडेल तेव्हा काम करत राहिली, आणि खाली उतरवलेल्या फांद्या माळ्यांनी खांद्यावरून रफच्या, म्हणजे बाजूच्या उंच गवताच्या, कडेपर्यंत वाहून नेल्या.

तोपर्यंत शेवाळ बसले होते. सातवे ग्रीन बंद करून पुढे फेअरवेवरच तात्पुरते ग्रीन आखावे लागले, आणि सभासदांच्या तक्रारी ऐकण्यात माझे कित्येक रविवार गेले. शेवाळाचा पापुद्रा बारीक दातांच्या यंत्राने टोचून फोडणे, वर हलकी वाळू देणे, कापण्याची उंची मिलिमीटरभर वाढवणे आणि नत्र कमी करून पालाश देणे, एवढेच त्या दिवसांत हाती असते. पानांवर पाणी साचलेले असताना नत्र वाढवू नये, कितीही मोह झाला तरी. कोवळ्या पानावर बुरशी धावते. ऑक्टोबरच्या उन्हात, पूर्वेच्या मोकळ्या बाजूने गवत आपसूक भरून येऊ लागले आणि बगळ्यांच्या झाडाखालचा तुकडा तेवढा मागे राहिला, तेव्हा मला समाधान आणि संताप दोन्ही एकाच वेळी वाटले.

त्या तिसऱ्या झाडाचा अर्ज मी दिवाळीनंतर लगेच दिला. सोबत सावलीचा नकाशा, वयासाठीची जुनी छायाचित्रे आणि सकाळच्या पाहणीची विनंती जोडली. थंडीत त्या विभागात गर्दी नसते; फेब्रुवारीत फांद्या खाली आल्या, ट्रक कोरड्या रस्त्याने आला आणि गेला, सांगण्यासारखे काहीच घडले नाही.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. परवानगीपत्राची प्रत प्लास्टिकमध्ये घालून काम चालू असेपर्यंत मुकादमांच्या खिशात ठेवावी, आणि दुसरी फाटकावरील रखवालदाराकडे द्यावी. करवतीचा आवाज ऐकून शेजारच्या सोसायटीतील कोणी ना कोणी येतेच, आणि ते यायलाच हवे. आमच्याकडे आलेल्या आजोबांनी पत्र अथपासून इतिपर्यंत वाचले, खडूच्या खुणा त्याच्याशी ताडून पाहिल्या आणि एका फांदीवर खूण नसताना दोर का बांधला आहे, असे विचारले. तो चढणाऱ्याच्या आधारासाठी होता, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच ते घरी गेले.