पामला फोन जोडताना काय काय सोडावं लागलं

पाम पायलटमध्ये, म्हणजे पाम कंपनीच्या खिशात मावणाऱ्या डायरीवजा कॉम्प्युटरमध्ये नंबर शोधायचा, तो एका हातात धरून वाचायचा आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर एकेक आकडा दाबायचा. २००० सालच्या आसपास कॅलिफोर्नियात ऑफिसला जाणारी कितीतरी माणसं रोज हेच करत होती. ज्या यंत्रात सगळी नावं नीट लावून ठेवलीयेत त्याला फोन लावता येत नाही, आणि ज्याला फोन लावता येतो त्यात एक नाव टाकायचं म्हणजे आकड्यांच्या बटणांवर तीन तीनदा दाबत बसायचं. मग ही दोन्ही एक का होत नाहीत? प्रश्न एवढा साधा, पण पहिल्या प्रयत्नापासून धड उत्तर मिळेपर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली. हल्ली सगळेजण गोष्ट २००७ च्या आयफोनपासून सुरू करतात आणि मधली माणसं विसरली जातात, मला ते मनापासून खटकतं म्हणून हे लिहितोय.

एकत्र करायचे प्रयत्न आधीही झाले होते. आयबीएमचा सायमन १९९४ मध्ये अमेरिकेत बेलसाऊथ या फोन कंपनीने विकायला काढला, टचस्क्रीन, कॅलेंडर, फॅक्स, ईमेल सगळं त्यात होतं, पण वजन अर्धा किलो आणि बोलत राहिलं तर बॅटरी तासाभरात खलास. नोकियाचा ९००० कम्युनिकेटर १९९६ मध्ये आला, तोही ४०० ग्रॅमच्या घरात. दोन्ही यंत्रं हुशार होती पण दोन्हींमध्ये नुसती बेरीज केलेली होती, फोन अधिक कॉम्प्युटर, आणि बेरजेचं वजन शेवटी खिशालाच उचलावं लागतं.

जेफ हॉकिन्स हा माणूस मला म्हणूनच फार आवडतो. पाम पायलट बनवायच्या आधी त्याने लाकडाचा एक तुकडा त्याच मापाचा कापून घेतला आणि शर्टाच्या खिशात घालून हिंडायला लागला, कुणी भेटीची वेळ विचारली की तो तुकडा बाहेर काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचा. खिशात काय मावतं आणि दिवसातून किती वेळा बाहेर निघतं हे त्याला आधी कळलं, सर्किट नंतर. त्यामुळे १९९६ चा पायलट इतका कमी गोष्टी करायचा आणि त्या इतक्या झटपट करायचा, दोन बारीक ट्रिपल ए सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचा.

आता यात फोन घालायचा तर पहिली अडचण वीज. जीएसएमचा, म्हणजे तेव्हाच्या एका मोबाईल नेटवर्कचा रेडिओ सतत बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या तुकड्यात सिग्नल फेकतो आणि त्या प्रत्येक क्षणी बॅटरीतून एकदम मोठा करंट ओढतो (फोन वाजायच्या आधी टीव्हीच्या किंवा कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून जी टिडिक टिडिक घरघर यायची ना, ती हीच). ट्रिपल ए सेलला हे झेपणारं नव्हतंच. म्हणजे चार्जर आला, आणि आठवडे चालणारं यंत्र आता वरचेवर चार्जिंगला लावायचं. पामच्या लोकांना ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान होता तेच पहिलं गेलं.

हॉकिन्स आणि त्याचे पाममधले सहकारी डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन यांनी १९९८ मध्ये पाम सोडून हँडस्प्रिंग ही कंपनी काढली. त्यांच्या वायझर या हातातल्या कॉम्प्युटरला मागे एक खाच होती, त्यात हवं ते मॉड्यूल बसवायचं, आणि २००० मध्ये त्यांनी त्या खाचेत बसणारा चक्क फोन आणला, वायझरफोन. तो काही फारसा चालला नाही, जाड झालं प्रकरण. पण माझ्या मते खरं काम तिथेच झालं, कारण पत्त्यांच्या यादीतून थेट फोन लागला पाहिजे, मेसेज आणि नावं एकाच ठिकाणी दिसली पाहिजेत, हे सगळं सॉफ्टवेअर त्यांनी तिथे घासून घासून बसवलं आणि तेच पुढे त्यांच्या ट्रिओ या फोनमध्ये कामाला आलं.

२००२ चा ट्रिओ १८०. इथे मला थांबायचंय. पामची ओळखच मुळी ग्रॅफिटी, म्हणजे काडीने स्क्रीनवर एका फटक्यात एक अक्षर काढायचं, ए काढायचा तर मधली आडवी रेघ सोडून द्यायची. लोकांनी ही लिपी हौसेने शिकून घेतली होती आणि तिचा कर्ता हॉकिन्सच. पण फोन माणूस चालता चालता एका हाताने लावतो, काडीला दोन हात लागतात. म्हणून ट्रिओ दोन प्रकारात आला, १८० ला बारीक बटणांचा कीबोर्ड, १८०जी ला ग्रॅफिटी, आणि लोकांनी कीबोर्डच उचलला. हॉकिन्सने आपलीच लिपी बाजूला ठेवली आणि पुढच्या ट्रिओंवर कीबोर्ड कायमचा राहिला. स्वतःचं गाजलेलं काम असं सोडणं सोपं नसतं हो, आणि माझ्यासाठी फोन आणि हातातला कॉम्प्युटर खरंच एक झाले ते त्या निर्णयात.

मग २००३ मध्ये पैशाने थकलेली हँडस्प्रिंग परत पाममध्येच विलीन झाली आणि त्याच सुमारास ट्रिओ ६०० आला, आधीच्यासारखं झाकण नाही, वर रिंग बंद करायचं छोटं बटण, ते सरकवलं की मीटिंगमध्ये फोन गप्प. तरी एक जुनी भीती उरलीच होती, बॅटरी पूर्ण उतरली की मेमरीतलं सगळं पुसलं जायचं, रोज कॉम्प्युटरला जोडून हॉटसिंक, म्हणजे सगळ्याची तिथे नक्कल केली असेल तरच वाचलात. २००४ च्या ट्रिओ ६५० मध्ये बॅटरी उतरली तरी न पुसणारी फ्लॅश मेमरी आली आणि ती भीतीही गेली.

मावसभाऊ अमेरिकेतून येताना माझ्यासाठी त्याचा जुना ६५० घेऊन आला होता, मी बरीच वर्षं वापरला. देवनागरी त्यात दिसायची नाही, सगळी नावं रोमनमध्येच टाकावी लागायची, ते मनाला लागायचं. पण नावाचं पहिलं अक्षर आणि पाठोपाठ आडनावाची एकदोन अक्षरं दाबली की माणूस समोर. जोशी, कुलकर्णी, पाटील यांनी भरलेल्या आपल्या याद्यांना याहून चांगली सोय मला आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या फोनमध्ये मिळालेली नाही, आणि मी प्रत्येक नव्या फोनमध्ये ती आधी शोधतो.